दुखऱ्या हातांच्या हातात काय आहे?

दर तीन महिन्यांनी मी पुण्यात एका संधिवाततज्ज्ञांच्या दवाखान्यात जाते. नंबर यायला दीड-दोन तास लागतात. त्या वेळात बाहेरच्या बाकावर जेवढा सल्ला मिळतो तेवढा आतल्या दहा मिनिटांत कधीच मिळत नाही. ‘आंबट अजिबात बंद केलं ना?’ ‘वांगं-बटाटा सोडा, वातूळ असतं.’ ‘माझ्या नणंदेनं तर डाळच सोडली.’ ‘तुम्ही फार विचार करता का हो? हे सगळं टेन्शननं होतं म्हणतात.’ एकदा सोलापूरकडून आलेल्या एका बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. न खायच्या पदार्थांची यादी होती ती, पाठपोट लिहिलेली. चार वेगवेगळ्या माणसांनी सांगितलेलं त्यांनी एकाच कागदावर गोळा केलं होतं. दही, ताक, चिंच, टोमॅटो, तूर, हरभरा, वाटाणा, वांगं, बटाटा, फ्लॉवर, पालक, केळं, भात, शेंगदाणे, अंडी, मासे. मी वाचत गेले आणि शेवटी विचारलं, ‘मग जेवता काय?’ त्या म्हणाल्या, ‘ज्वारीची भाकरी आणि दुधीची भाजी.’ त्यांच्या फायलीत वरच रिपोर्ट होता. हिमोग्लोबिन आठ.

त्या कागदानं मला बरेच दिवस सोडलं नाही, कारण बारा वर्षांपूर्वी मीही असाच कागद केला होता. या आजारात औषध डॉक्टर ठरवतात, रक्ताचे आकडे लॅब सांगते आणि रोग्याच्या वाट्याला उरतं जेवण, झोप, हालचाल आणि मन. आपल्या हातात एवढंच आहे म्हटल्यावर माणूस ते घट्ट धरून ठेवतो. घट्ट धरण्याजोगं त्यात खरोखर किती आहे, कशाला पुरावा आहे आणि कुठलं ओझं उगाच आपल्या डोक्यावर दिलं गेलंय, ते मला इथे तपासायचं आहे.

आधी एक गाठ सोडवायला हवी. ‘संधिवात’ या एका शब्दात आपण निदान दोन फार वेगळे आजार भरतो. आमच्या घरात दोन्ही आहेत. आईचे गुडघे झिजलेत. तिच्या भाषेत ‘वंगण संपलंय’. ती सकाळी उठते, चार पावलं लंगडते आणि मग चालायला लागते. जिना उतरताना मात्र कळ येते. माझा आजार ऱ्हुमॅटॉइड. मी उठते तेव्हा मूठ मिटत नाही. दुधाच्या पिशवीला कात्री लावायची तर दोन्ही तळव्यांत कात्री धरावी लागते, आणि बोटं सुटायला तास-सव्वा तास जातो. आईच्या गुडघ्यात कूर्चा झिजते. माझ्या शरीराची संरक्षणयंत्रणा मात्र माझ्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून येते. आयुर्वेदानं हा फरक फार पूर्वी ओळखला होता. संधिगत वात वेगळा आणि आमवात वेगळा. माधवनिदानात आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यातलं पुष्कळसं वर्णन ऱ्हुमॅटॉइडशी जुळतं. युरोपात फ्रेंच वैद्य लांद्रे-बोव्हे यांनी १८०० साली आपल्या प्रबंधात या दुसऱ्या आजाराचं वर्णन केलं आणि १८५९ साली इंग्लंडच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी त्याला आजचं नाव दिलं.

आपल्याकडे हे किती लोकांना आहे, याचा चांगला हिशेब पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणनं दिला. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला आपण जातो तेच भिगवण. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून तिथे घरोघर जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारातला तो उपक्रम होता. चार हजारांवर प्रौढांमध्ये सुमारे १८% लोकांना हाडा-सांध्यांचं दुखणं होतं. झिजेचा संधिवात सहा टक्क्यांच्या आसपास होता, ऱ्हुमॅटॉइड साधारण अर्धा टक्का. म्हणजे दोनशे माणसांत एक. जगभर हा दुसरा आजार पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट अधिक होतो. तेव्हा ‘संधिवाताला अमुक चालतं का?’ असं कुणी विचारलं की पहिला प्रतिप्रश्न ‘कुठल्या?’ हाच हवा. आईला जो सल्ला सोन्यासारखा, तो मला निरुपयोगी ठरू शकतो.

दुसरी गोष्ट औषधाची, आणि ती मी आहाराच्या आधी मुद्दाम सांगते. ऱ्हुमॅटॉइडमध्ये पहिले काही महिने फार मोलाचे असतात. त्या काळात सूज आटोक्यात आली तर सांधे वाचतात. एकदा हाड कुरतडलं गेलं की ते भरून येत नाही. यावरचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या ज्या गटानं ते तयार केलं, त्याचे प्रमुख होते भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. ते आधी कर्करोगासाठी वापरलं गेलं आणि १९८८ साली, फार लहान मात्रेत, ऱ्हुमॅटॉइडसाठी अमेरिकेत मान्य झालं. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर जीव जाऊ शकतो, म्हणून माझ्या घरी कॅलेंडरवर दर रविवारी लाल गोल केलेला असतो. ‘आधी सहा महिने पथ्य करून बघते, नाही जमलं तर औषध’ असं बाकावर कुणी म्हटलं की माझा जीव खालीवर होतो. त्याहून भीती वाटते ती बिननावाच्या पुडीची. दोन दिवसांत दुखणं गायब झालं तर त्या पुडीत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी थांबवली की दुखणं दुप्पट होऊन परत येतं.

स्टेरॉइडचीच कथा मात्र मन आणि शरीर यांच्या नात्याकडे नेते. अमेरिकेत मेयो क्लिनिकचे डॉक्टर फिलिप हेंच यांनी १९२९ साली पाहिलं की ऱ्हुमॅटॉइडच्या एका रोग्याला कावीळ झाली आणि सांधे एकदम मोकळे झाले. गरोदरपणातही अनेकींचं दुखणं थांबतं, हेही त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी ताडलं की शरीर स्वतःच काहीतरी तयार करतं आणि ते या आजाराला थोपवतं. त्या शोधात एकोणीस वर्षं गेली. १९४८ साली अंथरुणात कूसही न बदलता येणाऱ्या एका तरुण बाईला त्यांनी एडवर्ड केंडॉल यांनी वेगळं केलेलं कॉर्टिसोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. हे संप्रेरक मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून पाझरतं आणि त्याची किल्ली मेंदूकडे असते. ताण, झोप, दिवस-रात्रीचं चक्र या सगळ्यांचा त्याच्याशी संबंध आहे. सकाळी मूठ न मिटण्यामागेही काही अंशी हेच चक्र आहे. पहाटे सूज पेटवणारी रसायनं वर चढलेली असतात आणि शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल त्यांना पुरं पडत नाही.

आता जेवणाकडे. आईच्या गुडघ्यांसाठी आहाराचा सगळ्यात पक्का पुरावा पदार्थांचा नाहीच, वजनाचा आहे. २००५ साली अमेरिकेतल्या स्टीफन मेसियर यांच्या गटानं मोजून दाखवलं की एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं हलका होतो. आईचं वजन दीड वर्षात सहा किलो उतरलं, म्हणजे दर पावलाला चोवीस किलो. दिवसाला तीन हजार पावलं धरली तरी हिशेब डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतल्याच फ्रॅमिंगहॅमच्या दीर्घ पाहणीतही दिसलं होतं की दहा वर्षांत पाचेक किलो वजन कमी झालेल्या बायकांना गुडघेदुखी होण्याची शक्यता जवळपास निम्म्यावर आली. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांतल्या सेमाग्लुटाइडची लठ्ठपणा असलेल्या गुडघेदुखीच्या रोग्यांवर चाचणी झाली आणि २०२४ साली तिचे निकाल आले. वजन सरासरी १३.७% उतरलं आणि वेदना डमी इंजेक्शनवाल्यांपेक्षा स्पष्ट कमी झाली. आईचं वजन मात्र साखरेचा चहा चारावरून दोनावर आणून आणि रात्री भाताऐवजी भाकरी-पालेभाजी खाऊन उतरलं. तिला कुठल्याही पदार्थाची बंदी नव्हती, म्हणूनच ते टिकलं असं मला वाटतं.

ऱ्हुमॅटॉइडमध्ये गोष्ट जास्त नाजूक आहे. या बाबतीत सगळ्यात गाजलेला प्रयोग नॉर्वेतला, १९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. ५३ रोगी होते. त्यांतल्या २७ जणांना आठवडा-दहा दिवस जवळजवळ उपास घडवला, मग काही महिने प्राणिजन्य काही नाही आणि गहूही नाही असा आहार दिला, आणि पुढे दूध-दही घालून शाकाहार. सूज, वेदना, सकाळचा ताठरपणा, सगळं कमी झालं आणि वर्षअखेरीपर्यंत बऱ्याच जणांत ते टिकलं. लंघन हा आमवातावरचा पहिला उपाय मानणाऱ्या आपल्या वैद्यपरंपरेला यात नवल वाटणार नाही. पण दोन गोष्टी विसरून चालत नाही. कोण काय खातंय हे रोग्यांपासून लपवणं शक्यच नव्हतं, त्यामुळे अपेक्षेचा वाटा त्यात किती हे सांगता येत नाही. आणि नुसत्या उपासाचा गुण नेहमीचं जेवण सुरू होताच ओसरतो. शिवाय आपला उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर दाण्याचं कूट. तो नॉर्वेच्या रोग्यांचा उपास नव्हे. रिकाम्या पोटी दुखऱ्या माणसानं वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर जठराचं नुकसान होतं ते वेगळंच.

स्वीडनमध्ये २००३ साली ५१ रोग्यांवर भूमध्य सागराकाठच्या आहाराची चाचणी झाली. भाज्या, फळं, कडधान्यं, ऑलिव्हचं तेल आणि मासे भरपूर, लाल मांस कमी. बारा आठवड्यांत आजाराची तीव्रता थोडी उतरली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यात उपाशी कुणी राहिलं नाही. ताट भरलेलं होतं. आपल्या जुन्या ताटाकडे याच नजरेनं पाहिलं तर ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, मेथी-तांदुळजा, कारळ्याची चटणी, काकडीची कोशिंबीर हे सगळं त्या आहाराच्या बरंच जवळ जातं. त्यासाठी परदेशी तेलाची बाटली आणायला नको. दूर जातं ते फरसाण, बेकरीचा मैदा आणि गोड पेयं.

माशांमधल्या ओमेगा-३ मेदाम्लांवर बरंच काम झालंय आणि ते आशादायक आहे. ऑस्ट्रेलियात ॲडलेड इथे नव्यानं आजार झालेल्या रोग्यांना नेहमीच्या औषधांसोबत मोठ्या मात्रेत माशाचं तेल दिलं, तेव्हा औषधं अपुरी पडण्याचं प्रमाण घटलं आणि आजार शांत होण्याचं वाढलं. कोकणात आणि गोव्यात बांगडा आणि तारली हे गरिबाचे मासे याच मेदाम्लांनी श्रीमंत आहेत. औषधाइतकी मात्रा रोजच्या ताटातून मिळणं कठीण, तरी आठवड्यातून दोनदा तारलीचं तिखलं कुणी खात असेल तर ‘मासे उष्ण पडतात’ म्हणून ते सोडायला मी तरी सांगणार नाही. शाकाहारी घरात जवसाची चटणी चांगलीच आहे. मात्र जवसातल्या ओमेगा-३चा फार थोडा अंश शरीर माशांतल्या प्रकारात बदलू शकतं.

आणि हळद. बाकावरचा हा सगळ्यात लाडका विषय. हळदीतलं कर्क्युमिन सूज कमी करतं याला आधार आहे. थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या ३६७ रोग्यांवर चार आठवड्यांची चाचणी झाली, तिच्यात हळदीचा अर्क आयबुप्रोफेनच्या तोडीस तोड ठरला. पण त्या अर्कात दिवसाला १,५०० मिलिग्रॅम कर्क्युमिनवर्गीय द्रव्यं होती. आपल्या हळदीत ती साधारण ३%, म्हणजे चमचाभर हळदीत नव्वदेक मिलिग्रॅम. तेवढी मात्रा दुधातून घ्यायची तर रोज सोळा-सतरा चमचे हळद लागेल. त्यात कर्क्युमिन आतड्यातून रक्तात नीट उतरत नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की मिऱ्यातल्या पायपरिननं हे शोषण सुमारे वीसपट वाढतं. त्यामुळे हल्लीच्या कॅप्सूलमध्ये मिरं घातलेलं असतं आणि अशा तीव्र कॅप्सूलनी काहींच्या यकृताला इजा झाल्याचीही नोंद आहे. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यानं ती डॉक्टरांना न सांगता घेऊ नये. आमटीतली हळद चालू द्यावी, रात्रीचं दूध आवडत असेल तर प्यावं. ‘पी हळद अन् हो गोरी’ ही म्हण आपल्याच आज्यांनी करून ठेवली आहे.

डाळी सोडण्याचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. याचं मूळ बहुधा युरिक ॲसिडमध्ये आहे. युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा वातरक्त हा तिसराच आजार. रिपोर्टात युरिक ॲसिड किंचित वाढलेलं दिसलं की कुणीतरी ‘डाळी बंद’ म्हणतं आणि मग आमवाताची, झिजेची माणसंही ती सोडून बसतात. अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांचा बारा वर्षं मागोवा घेणारा अभ्यास २००४ साली आला. त्यात लाल मांस आणि काही सागरी अन्नानं वातरक्ताचा धोका वाढलेला दिसला. प्युरिनयुक्त भाज्या आणि कडधान्यांनी तो वाढला नाही. बिअरनं वाढतो हेही त्याच गटानं दाखवलं. म्हणजे खऱ्या वातरक्तातही मुगाची आमटी आरोपी नाही. ऱ्हुमॅटॉइडमध्ये तर स्नायू आधीच झिजत असतात, रक्त कमी झालेलं असतं. अशा बाईच्या ताटातून डाळ, दही, अंडी आणि शेंगदाणे एकदम काढून घेणं म्हणजे तिला आजारापुढे उपाशी उभं करणं. आपल्या घरांत बाई शेवटी जेवते आणि उरलेलं जेवते. पथ्याची यादी तिच्या उपासमारीला वैद्यकीय शिक्का देते.

वांगं-बटाटा-टोमॅटो सगळ्यांनी सोडावं याला ठोस पुरावा नाही. तरी एखाद्याला एखादा पदार्थ खरंच सोसत नाही, हे मी नाकारणार नाही. त्याची परीक्षा सोपी आहे. एका वेळी एकच पदार्थ तीन-चार आठवडे बंद करायचा, रोजच्या दुखण्याला दहापैकी गुण लिहायचे, मग तो परत सुरू करून पाहायचं. मी चिंचेबाबत हे दोनदा केलं. दोन्ही वेळा वहीतले आकडे तसेच राहिले, आणि चिंच-गुळाची आमटी आमच्या घरी परत आली.

आयुर्वेदिक औषधांवर आपल्याच देशात गंभीर काम झालंय. कोइमतूरला ४३ ऱ्हुमॅटॉइड रोग्यांवर झालेली आणि २०११ साली प्रसिद्ध झालेली चाचणी मला आदर्श वाटते. एका गटाला मेथोट्रेक्सेट, एकाला आयुर्वेदिक उपचार, एकाला दोन्ही, आणि कुणाला काय मिळतंय हे सगळ्यांपासून झाकलेलं. तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. पण ४३ जणांवरून निवाडा देता येत नाही. पुढची मोठी चाचणी व्हायला हवी. डॉ. चोप्रांच्या गटानं गुडघेदुखीत आयुर्वेदिक औषधं सेलेकॉक्सिब आणि ग्लुकोसामाइनच्या बरोबरीची ठरल्याचं २०१३ साली दाखवलं, आणि त्याच लेखात काहींच्या यकृताचा एसजीपीटी अनपेक्षितपणे वाढल्याचंही नोंदवलं. ‘काढ्यानं साइड इफेक्ट होत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी हे दुसरं वाक्यही वाचावं.

आता मन. इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त दुखावलं जातं. विसाव्या शतकाच्या मध्यावर शिकागोच्या फ्रांझ अलेक्झांडर यांनी सात आजार ‘मनातून येणारे’ ठरवले, त्यांत ऱ्हुमॅटॉइड होता. या बायका राग गिळतात, स्वतःला राबवून घेतात, तो दाबलेला राग सांध्यांत उतरतो, असा तो सिद्धान्त. पुढे तो टिकला नाही. आखडलेल्या, दुखणाऱ्या माणसाचा स्वभाव बघून त्यालाच आजाराचं कारण ठरवलं गेलं होतं. वैद्यकानं तो सोडला तरी आपल्या बाकावर तो अजून बसलेला आहे. ‘तू फार विचार करतेस’ हे वाक्य मी बारा वर्षांत किती जणांकडून ऐकलं असेल! दुखणं आहेच, वर ते आपणच ओढवून घेतल्याचा ठपका. ताणानं आजार भडकू शकतो हे माझ्याही वहीत दिसतं. पण भडकणं वेगळं आणि निर्माण होणं वेगळं.

याची दुसरी बाजू म्हणजे हसा आणि बरे व्हा. अमेरिकन संपादक नॉर्मन कझिन्स यांना १९६४ साली मणक्याचा संधिवात झाल्याचं निदान झालं. त्यांनी हॉटेलात खोली घेतली, विनोदी चित्रपट पाहिले, जीवनसत्त्व ‘क’चे भरपूर डोस घेतले आणि ते बरे झाले. दहा मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास वेदनेविना झोप लागते, असं त्यांनी लिहिलं. त्यांचं पुस्तक जगभर गेलं. १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, त्यामागेही कझिन्स यांच्या लेखनाची प्रेरणा होती. मला बागेतला तो सकाळचा हसण्याचा आवाज आवडतो. पण कझिन्स यांचं निदान बरोबर होतं का, याबद्दल पुढे डॉक्टरांनीच शंका घेतली, आणि एका माणसाच्या बरं होण्यावरून सगळ्यांनी हसावं असा नियम निघत नाही. हसू न येणाऱ्या दिवशी रोग्याला आणखी एका गोष्टीत नापास झाल्यासारखं वाटतं.

मग मनाचा वाटा नाहीच? आहे, आणि तो मोजला गेलाय. ह्यूस्टनच्या ब्रूस मोझली यांनी गुडघेदुखीच्या १८० रोग्यांवर २००२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग केला. काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून सफाई केली, काहींचा गुडघा फक्त धुतला, आणि उरलेल्यांच्या कातडीवर नुसते छेद दिले. पाणी सांडल्याचा आवाजसुद्धा केला. दोन वर्षांनी तिन्ही गट सारखेच होते. खोट्या शस्त्रक्रियेवाल्यांनाही बरं वाटलं होतं. मला यातून वेदना खोटी असल्याचं दिसत नाही. दिसतं ते हे, की गुडघ्यातून निघालेला निरोप मेंदूत पोचेपर्यंत त्याचा आवाज वाढतो किंवा कमी होतो आणि ते बटण बरंचसं मेंदूत आहे. जर्मनीत २०११ साली ऱ्हुमॅटॉइडच्या मोजक्या रोग्यांना सूज पेटवणारा टीएनएफ नावाचा रेणू रोखणारं औषध दिलं आणि मेंदूची छायाचित्रं घेतली. चोवीस तासांत मेंदूतल्या वेदनेच्या जागा शांत झाल्या होत्या. सांध्यांची सूज तेव्हा तशीच होती. म्हणजे रक्तातली सूज थेट मेंदूशी बोलते. थकवा, निरुत्साह, रडू येणं हे पुष्कळदा याच संभाषणातून येतं. ऱ्हुमॅटॉइडच्या साधारण सहा रोग्यांमागे एकाला औषधोपचार लागावा असं नैराश्य असतं, असं अनेक अभ्यास एकत्र केल्यावर दिसतं. त्यावर ‘मन खंबीर कर’ हा इलाज नाही. त्या एकाला मानसोपचारतज्ज्ञ हवा, आणि सांध्यांची सूज उतरवणारं औषधही.

हवामानाचंही थोडक्यात सांगते. ढग आले की आई म्हणते, ‘आज गुडघे बोलतायत.’ हे मनाचे खेळ म्हणून उडवलं जायचं. ब्रिटनमध्ये अडीच हजारांवर लोकांनी फोनवर रोजचं दुखणं नोंदवलं. २०१९ साली त्याचे निकाल आले तेव्हा दमट, वाऱ्याच्या, कमी दाबाच्या दिवशी वेदना थोडी वाढते असं खरंच निघालं. आषाढात आईचं ऐकावं.

शरीर आणि मेंदू यांच्यातला एक रस्ता आता औषधासारखा वापरला जाऊ लागलाय. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नस सूज आवरते, असं केविन ट्रेसी यांनी २००२ साली मांडलं. ती नस उद्दीपित करणाऱ्या, मानेत बसवायच्या छोट्या यंत्राला ऱ्हुमॅटॉइडसाठी अमेरिकेत २०२५ साली मान्यता मिळाली. गुण मध्यम आहे, पण रस्ता खरा आहे. संथ श्वासानंही ही नस जागी होते म्हणतात. श्वासानं सांध्यांची सूज किती उतरेल याचा मात्र हवाला मी देणार नाही. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये ७२ रोग्यांना नेहमीच्या औषधांसोबत आठ आठवडे योग शिकवला, तेव्हा रक्तातले सुजेचे निर्देशक आणि नैराश्य दोन्ही उतरले. योग औषधांच्या जागी नव्हता, सोबत होता. आठवड्यातून पाच दिवस, दोन-दोन तास. तेवढा वेळ आपल्याकडच्या किती बायकांना मिळतो?

हालचालीबद्दल आईला समजावलेलं एक उदाहरण अजून उपयोगी पडतं. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. ती स्पंजासारखी आहे. दाबली की वापरलेलं पाणी बाहेर, सोडली की ताजं आत. चाललं नाही तर ती उपाशी राहते. ‘गुडघा झिजेल म्हणून चालत नाही’ म्हणणारी आई हे ऐकल्यावर उठली. झोपेचंही तसंच. अर्धी रात्र जागवलेल्या ऱ्हुमॅटॉइड रोग्यांत दुसऱ्या दिवशी वेदना वाढते, हे प्रयोगशाळेत पाहिलं गेलंय. मी बारा वर्षांत सगळ्यात जास्त फायदा कशाचा अनुभवला असेल तर औषधाखालोखाल सात तासांच्या झोपेचा.

पण या सगळ्या वाचनात मला थांबवलं ते स्टॅनफर्डच्या केट लोरिग यांच्या कामानं. त्या परिचारिका. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी संधिवाताच्या रोग्यांसाठी वर्ग सुरू केले. आठवड्यातून एकदा दोन तास, सहा आठवडे. शिकवणारे डॉक्टर नसायचे. साधी माणसं, बऱ्याचदा स्वतः संधिवात असलेली. व्यायाम, आराम, औषधं, डॉक्टरांशी बोलायचं कसं, असं सगळं. वेदना कमी झाली. लोरिग यांना वाटलं, लोक व्यायाम करायला लागले म्हणून झाली असेल. हिशेब मांडला तर जुळेना. ज्यांनी व्यायाम जास्त केला त्यांनाच जास्त बरं वाटलं असं नव्हतं. ज्यांना ‘मी यात काहीतरी करू शकते’ असं वाटायला लागलं, त्यांना बरं वाटलं होतं. अल्बर्ट बँडुरा हे मानसशास्त्रज्ञ त्याच विद्यापीठात, आणि १९७७ पासून नेमकं हेच मांडत होते. चार वर्षांनंतरची पाहणी १९९३ साली आली. वेदना सरासरी २०% कमी, डॉक्टरांकडच्या फेऱ्या ४०% कमी. आणि शारीरिक अडचण? ती ९% वाढलेली होती. आजार पुढे सरकत होता, सांधे बिघडत होते, तरी माणसांना कमी दुखत होतं.

मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. यात कुणी कुणाला सकारात्मक विचार करायला सांगितलेलं नाही, हसवलेलं नाही, दोषही दिलेला नाही. त्यांच्या वर्गात एक साधी रीत होती. दर आठवड्याला प्रत्येकानं स्वतःच ठरवायचं: काय करणार, किती, केव्हा, आठवड्यातून किती दिवस. मग विचारायचं, हे होईल याची खात्री दहापैकी किती? सातापेक्षा कमी आली तर रोग्याला दटावायचं नाही, बेत लहान करायचा.

गेल्या वर्षी दवाखान्याच्या त्याच बाकावर आम्ही पाच जणींनी हे सुरू केलं. फोनवर गट आहे, दर रविवारी, मेथोट्रेक्सेटच्या दिवशीच, बेत लिहायचा. सुरुवातीला एकजण लिहायची ‘रोज एक तास योग’ आणि सोमवारीच गप्प व्हायची. आता ती लिहिते ‘मंगळवार-शुक्रवार, दुपारी, भिंतीला धरून दहा उठबशा’. सोलापूरकडच्या बाई गटात जरा उशिरा आल्या. आधी त्यांच्या डॉक्टरांनी आहारतज्ज्ञांकडे पाठवलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि हळूहळू त्या यादीतलं एकेक नाव खोडलं गेलं. तूर पहिली परत आली.

परवा त्या भेटल्या तेव्हा पर्समध्ये तोच कागद होता, पण मागच्या कोऱ्या कोपऱ्यात नवीन मजकूर होता. पेनाला त्यांनी सुती चिंधी गुंडाळून जाड केलंय, बोटांत धरवतं. लिहिलं होतं: ‘रात्री मुगाची आमटी, रोज. खात्री ९. सकाळी चहानंतर गच्चीत दहा मिनिटं, पाच दिवस. खात्री ५.’ मी म्हटलं, ‘पाचावर नको, बेत लहान करा.’ त्यांनी थोडा विचार केला, ‘पाच दिवस’ खोडून ‘तीन’ केलं आणि पुढे लिहिलं, ८. तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला गेला.